मेणावरचा पडदा

ब्लूज म्हणतात त्या गाण्यांना. नाव घेतलं तरी मला थुंकावंसं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर त्या वाजवण्याचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. आणि मध्ये टोकू नका. मला टोकलं की मी चिडते, आणि चिडले की शिव्या देण्यातच सगळा वेळ जातो.

मी फागी. माहेर खोडाळ्याकडचं, इंग्रजाच्या मुलखातलं. सासर जामसर, जव्हार संस्थानातलं. आमचा पाडा एका सरदाराकडे होता. त्याचं नाव घेत नाही, मेलेल्या माणसाच्या नावानं तोंड कशाला विटाळू. जव्हारात त्याचा बंगला होता आणि पाऊस सरला की तिथं मुंबईचे साहेब शिकारीला यायचे. साहेब आले की वेठ आलीच. घरटी एक माणूस. पाणी भरा, लाकडं फोडा, पेट्या वाहा, साहेबाच्या कुत्र्याला आंघोळ घाला. मजुरी नाही, भाकरी आपली आपण न्यायची. आणि हे सगळं नेमकं कधी? भात पिकून उभं असतं तेव्हा! पिकलेलं भात वेळेवर कापलं नाही तर दाणा झडतो, आणि झडला की मातीत गेला. दरवर्षी माझा दादला, ढवळू, वेठीला जायचा आणि मी एकटी कापत राहायची. सासू होती, कोंडी, पण तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. अर्धं भात घरात यायचं, अर्धं मातीत. उन्हाळा लागला की आम्ही रानातले कडू कंद उकडायचो. कितीही पाणी बदला, घास गिळताना घसा आवळतोच.

मला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. एका तरी कापणीला माझा माणूस माझ्या शेजारी वाकलेला पाहिजे होता. बस. सोनंनाणं मागत नव्हते मी.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत अमेरिकेची गाणी नवी नवी यायला लागली होती, त्या सालची ही गोष्ट. आमच्या सरदाराला हुक्की आली की यंदा साहेबांना तसलं काहीतरी ऐकवायचं. त्यानं आखाडातच मुंबईहून दोन गिटारवाले आणून बंगल्यावर ठेवले. त्यातल्या एकाला पंधरवड्यात हिवताप भरला, तो कापत कापत परत गेला. उरला तो कायतान. गोव्याचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

मास्तर! अहो, काय सांगू. मी बंगल्यावर सारवायला गेले होते तेव्हा पहिल्यांदा बघितला. उजव्या हाताची नखं वाढवलेली, पिवळी पडलेली, आणि त्याच नखांनी सुकी मच्छी सोलून खात होता. खाऊन झालं की तीच बोटं पाटलोणीला पुसली आणि गिटार उचलली. तोंडाला सकाळपासून मोहाच्या दारूचा वास. मी सारवलेल्या जागेवर माझ्यादेखत थुंकला. मी म्हटलं, "मास्तर, ही भुई आहे, पिकदाणी नाही." तर हसला. दात असे की बघवेनात.

पण एवढं मान्य करते, त्याचा कान चांगला होता. माझा दादला पावसाळी वेठीला तिथंच होता, गिटारांवरची धूळ पुसायला. ढवळू घांगळी वाजवायचा. घांगळी म्हणजे बांबूची काठी, तिला खाली दोन भोपळे, वर तार. नवं भात आलं की कणसरीच्या, आमच्या धान्याच्या देवीच्या, पूजेला आमच्याकडे ती वाजते, आणि आमच्या पाड्यावर ती ढवळूच वाजवायचा. तर धूळ पुसता पुसता त्याची बोटं तारेवर गेली. एक सूर छेडला, पुन्हा छेडला, मग त्याच्या शेजारचा. कायतान मागे उभा होता. त्यानं कारभाऱ्याला बोलावलं आणि म्हणाला, "मला दुसरा माणूस पाहिजे ना? हा द्या. मी शिकवतो याला."

कारभारी म्हणजे बंगल्याचा कारभार बघणारा. गोरागोमटा, अंगाला अत्तर, आणि आमच्याशी बोलताना नाकाला रुमाल. त्यानं ढवळूला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "साहेब येईपर्यंत हा तयार झाला, तर याची वेठ माफ. माझा शब्द."

दादल्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हातातली नागलीची भाकरी तव्यावर तशीच सोडली. जळली ती. मी म्हटलं, "पुन्हा सांग." त्यानं पुन्हा सांगितलं. सासू कोपऱ्यातून म्हणाली, "त्या लोकांच्या शब्दावर जाऊ नको रे बाबा." मी तिला म्हटलं, "आई, तुम्ही गप ऱ्हावा." कापणीला दोन कोयते चालणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग सुरू झाला तो छळ. कायताननं जुनी गिटार दिली होती, ती घोंगडीत गुंडाळून दादला जामसरला घेऊन आला. सहा तारा, आणि लांब मानेवर आडव्या पितळी पट्ट्या ठोकलेल्या. त्यांना पडदे म्हणतात. तार पडद्यापाशी दाबली की सूर बदलतो, घांगळीवरही तसंच असतं, म्हणून दादल्याला ते लवकर समजलं. शिकायचं काय, तर सहा सूर. रोज तेच. पहिलं बोट पाचव्या पडद्यावर, करंगळी आठव्यावर, पुढच्या तारेवर पाचवा, सहावा, सातवा, मग पाचवा, सातवा. असं करत वर जायचं आणि तसंच खाली यायचं. पाचवा पडदा म्हणजे घर, असं मास्तरनं सांगितलं होतं. कुठंही भटका, शेवटी तिथं यायचं. मला आजही तोंडपाठ आहे, कारण माझा दादला ते बोटांनी वाजवायचा आणि तोंडानं पुटपुटायचा. जेवतानाही पुटपुटायचा. एकदा झोपेत त्यानं माझ्या दंडावर पाचवा आणि आठवा पडदा दाबला. अशी लाथ घातली मी!

सूर आले, मग तुकडे आले. छोटे छोटे तुकडे, तीन-चार सुरांचे, तेच उलटेपालटे जोडून गाणं करायचं. त्या तुकड्यांना इंग्रजीत लिक म्हणतात म्हणे. मी विचारलं, "लिक म्हणजे काय?" दादला म्हणाला, "मास्तर म्हणाला, चाटणं." शी! मी म्हटलं, "त्या माणसाकडून दुसरं काय शिकणार तू?" एक तुकडा वरून घरंगळत खाली यायचा आणि पाचव्या पडद्यावर बसायचा. दुसरा अर्ध्यातच थांबायचा, जणू पुढचं बोलायला लाज वाटते. मला तो दुसरा ऐकला की अंगावर काटा यायचा, आणि चांगला काटा नव्हे. पाऊस कोसळतोय, चुलीत ओलं लाकूड धुमसतंय, म्हातारी खोकतेय, आणि हा बसलाय तेच ते, तेच ते. कोंबड्या घरात यायच्या बंद झाल्या. शेजारची माघी एकदा दारात येऊन म्हणाली, "वहिनी, कुणाला बरं नाही का? रडण्याचा आवाज येतो." मी म्हटलं, "सगळे ठणठणीत आहेत बाई. आमच्याकडे चाटणं चाललंय."

एकदा त्यानं मला सांगितलं की हे सूर आले कुठून. कायतानला मुंबईच्या हॉटेलात एका काळ्या अमेरिकन माणसानं शिकवलेले. त्या माणसाच्या आज्या-पणज्यांना साखळ्या घालून शेतात राबवत, मजुरी नाही, काही नाही. ते राबताना जे गायचे, ते हे ब्लूज. ढवळू सांगताना गंभीर झाला होता. म्हणाला, "फागे, ही वेठीची गाणी आहेत." मी म्हटलं, "वेठीची गाणी, आणि ऐकणार कोण, तर वेठ घेणारे. आणि तू नाचत नाचत शिकतोयस! थू!" त्यानं गिटार पुन्हा मांडीवर घेतली. त्यानंतर तो जास्तच जीव लावून वाजवायला लागला, हेही खरं.

आता त्या मधल्या सुराचं सांगते, कारण सगळी माती तिथं झाली.

तिसऱ्या तारेवर पाचवा पडदा दाबला की एक सूर येतो. सहावा दाबला की त्याच्या वरचा. मास्तर वाजवायचा तो सूर या दोघांच्या मधला. पडदा पाचवाच दाबायचा, आणि दाबलेली तार बोटानं बाजूला ओढायची. ओढली की सूर वर सरकतो, किंचित. तिथं ते गाणं हुंदका देतं. कायताननं पन्नासदा करून दाखवलं असेल. पण दादल्याच्या हातून होईना. घांगळीवर तार ओढत नाहीत हो! तिथं बोट सरळ पडतं. तो गिटारीची तार ओढायचा आणि सूर कधी कमी चढायचा, कधी जास्त. कान बरोबर, बोट चूक. साहेब यायला आठवडा राहिला आणि हा डोकं धरून बसला.

मग साहेब यायच्या आदल्या दुपारी तो म्हणाला, "पडदाच चुकीच्या जागी आहे."

मी म्हटलं, "मग सरकव."

आता तुम्ही हसाल. पण घांगळीचे पडदे कसे असतात माहीत आहे का? मेणात बसवलेले असतात. बांबूच्या कामट्या मेणावर टेकवायच्या. सूर नीट लागत नसला तर मेण ऊब देऊन मऊ करायचं आणि कामटी जरा पुढं, जरा मागं. प्रत्येक पूजेच्या आधी ते करावंच लागतं. आमच्या डोंगरात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. सुरासाठी पडदा हलवायचा, बोट कशाला वाकडं करायचं? रानातल्या पोळ्याचं मेण घरात होतंच. मी ते चुलीवर तापवून दिलं. दादल्यानं कोयत्याच्या टोकानं तो पाचवा पडदा उचकटला. त्याला खालून दात होते, लाकडात रुतलेले. ते दगडावर घासून सपाट केले. मग मेणावर बसवला, पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. तिसरी तार छेडली. काय सांगू! हुबेहूब मास्तरचा सूर. बोट न ओढता! दादला असा हसला की मी त्याला तसा लग्नातही बघितला नव्हता. पुन्हा पुन्हा तोच एक सूर वाजवत राहिला, मेण घट्ट व्हायची वाट बघत. बाकीच्या तारा त्यानं त्या दिवशी छेडल्याच नाहीत. घांगळीला सूर धरायची तार एकच असते. ती बरोबर लागली की सगळं लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मीही गेले. माफीचा शब्द मला माझ्या कानांनी ऐकायचा होता. वाटभर दोन्हीकडे भात पिवळं झालेलं. आमचं अजून चार दिवस मागं होतं.

बंगल्याच्या मागच्या पडवीत कायतान पाटलोणीचा पट्टा आवळत होता. दादल्यानं घोंगडी सोडली आणि गिटार त्याच्या हातात दिली, आणि बाजूला उभा राहिला, कौतुकाची वाट बघत. कायताननं सगळ्या तारांवरून नखं फिरवली आणि पाचव्या पडद्यावर बोट आडवं ठेवलं. त्याचं तोंड आंबट झालं. खाली बघितलं. मेण बघितलं.

"पुता," तो म्हणाला, "पुता, हे काय केलंस?"

दादल्यानं तिसरी तार छेडून दाखवली.

"ती बरोबर आहे रे! आणि बाकीच्या पाच? एका पडद्यावर सहा तारा आहेत, मूर्खा! एक सूर लावलास आणि पाच बिघडवलेस. आणि हे घर आहे, घर! आता घरीच कसा येशील?"

मी दादल्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्यानं एकेक तार त्या पडद्यावर छेडली, पहिली, दुसरी, आणि प्रत्येक सुराला त्याचा चेहरा उतरत गेला. कान चांगला असण्याची हीच शिक्षा. मी म्हटलं, "मग परत बसवा की." कायताननं पडदा उचलून उलटा केला. दात घासलेले. लाकडात बसणार कशात? त्यानं कपाळावर हात मारला, मग दुसरा हात बाटलीकडे गेला. मला त्या क्षणी दोघांचीही शिसारी आली. एक पिणारा, एक घासणारा. आणि मेण तापवणारी मी!

साहेब मंडळी दिवे लागताना व्हरांड्यात येऊन बसली. पाच-सहा गोरे, दोन मडमा, पुढ्यात ग्लास. मी खाली जास्वंदीच्या कुंपणाशी उभी होते. कायताननं आपला एक सदरा दादल्याला घातला होता, काखेत मच्छीचा डाग असलेला. दोघं बसले. कायतान खालून ठेका धरून तीन जागी हात फिरवायचा आणि वरून माझ्या दादल्यानं ते तुकडे टाकायचे.

सुरू झालं. अरे देवा! तो मधला सूर यायचा तेव्हा ठीक. पण प्रत्येक तुकडा जिथं घरी येऊन बसायचा तिथं तो दाराच्या बाहेरच पडायचा. त्यात गॅसबत्ती दादल्याच्या डोक्याजवळ टांगलेली. तिच्या उष्णतेनं मेण मऊ झालं आणि पडदा हळूहळू आणखी सरकायला लागला. जो एक सूर खरा होता तोही गेला. दादल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याला ऐकू येत होतं सगळं. बहिऱ्या माणसाला वाईट वाजवणं सोपं असतं. त्याला ते सोपं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, गेली माफी.

आणि टाळ्या पडल्या.

मी डोळे उघडले. साहेब उभा राहून टाळ्या वाजवत होता! मडम डोळे पुसत होती, हसून की रडून, तिलाच ठाऊक. काहीतरी ओरडत होते सगळे. कायतान माझ्या बाजूला कुंपणाशी थुंकायला आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अस्सल आहे. जंगलचं, जसंच्या तसं." आणि थुंकला.

मग त्यांना फोटो काढायचा होता. सदरा चालेना. कारभाऱ्यानं स्वतः येऊन दादल्याच्या अंगातला सदरा उतरवला, नाकाला रुमाल धरून, आणि उघड्या अंगानं, लंगोटीवर, गिटार छातीशी धरून त्याला दिव्याखाली उभा केला. कुणीतरी कुंडीतली दोन पानं तोडून त्याच्या केसांत खोचली. माझा नवरा हो! त्याच्या डोळ्यांकडे मी बघू शकले नाही. साहेबाचा कुत्रा येऊन त्याचे पाय हुंगत होता.

कारभारी हात चोळत म्हणाला, "शाब्बास! ढवळूची वेठ आजपासून माफ." मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांसमोर. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग कायतानला म्हणाला, "आणि ती गिटार दुरुस्त करायची नाही. साहेबांना अशीच आवडली. हे लोक पौर्णिमेपर्यंत आहेत. ढवळू इथंच राहील, रोज वाजवील."

दादला पडवीत आला तेव्हा मी भाकरी पुढं केली. त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "चूक होती ती. सगळी चूक. त्यांना चूकच आवडली, फागे." मी म्हटलं, "आवडेना का! डोंबल त्यांच्या आवडीचं! माफी मिळाली ना? पौर्णिमेनंतर तर सुटशील. तोवर मी कापायला घेते, पुढच्या वर्षी दोघं कापू." त्यानं मान हलवली. मला वाटलं, त्यालाही पटलं. मी एकटी जामसरला परतले.

कोयत्याला धार लावून मी पहिलं वावर कापलं, आणि कापणीच्या चौथ्या दिवशी बांधावर शिपाई उभा. रघ्या. आमच्याच पाड्यावरचा, सरदाराचा पट्टा लावून फिरणारा. म्हणाला, "चल. शिकारीचा तळ पुढं हलवायचाय. तुझ्या घराचं माणूस पाहिजे."

"आमची माफी आहे."

"माफी ढवळूची आहे. घराची कुठं आहे? घरटी एक माणूस लागतं, तुला माहीत आहे. तो आता वेठीत नाही, मग तू चल."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी बांधावरच खाली बसले. आधी काय व्हायचं? एक जायचा, एक शेतात राहायचा. आता माफी मिळाली होती, आणि माफीमुळे दोघंही गेलो! तो वाजवायला, मी ओझ्याला. शेतात कोण? म्हातारी आंधळी कोंडी? रघ्याला मी अशा शिव्या घातल्या की त्याच्या सात पिढ्या जाग्या झाल्या असतील. तो म्हणाला, "मला काय बोलतेस? हुकूम आहे." ही यांची जात बघा. पट्टा चढला की अंगातला माणूस निघून जातो. मी कोयता म्हातारीजवळ ठेवला आणि त्याच्यामागून निघाले. मागं वाऱ्यानं भात हलत होतं, सळसळत होतं. दाणा कोरडा झाला की तसा आवाज येतो.

बंगल्यावर माझ्या डोक्यावर एक पेटी चढवली. लाकडाची, लोखंडी कोपऱ्यांची. उचलताना आत बाटल्या खळखळल्या. चुंबळीतून तिचा कोपरा टाळूत रुतत होता. शिकारीला न गेलेली साहेब मंडळी व्हरांड्यात चहाला बसली होती आणि दादला त्यांच्यापुढं वाजवत होता, उघड्या अंगानं, केसांत पानं. आमची रांग व्हरांड्याखालून जात होती. मी ठरवलं होतं वर बघायचं नाही. पण तो वरून घरंगळत येणारा तुकडा ऐकू आला आणि मध्येच तुटला.

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे, पेटीकडे, पुन्हा माझ्याकडे. त्याला आमच्या भाताचं विचारायचं होतं, पण तोंडानं विचारायची गरज पडली नाही. मी मान हलवली. कुणी नाही तिथं.

साहेबानं हातानं खूण केली, चालू दे, चालू दे. दादल्यानं गिटार खाली ठेवली. फेकली नाही, आपटली नाही, नीट भिंतीला टेकवून ठेवली. केसांतली पानं काढली. पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला आणि पेटी माझ्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

कारभारी धावत आला. धावताना रुमालाचं भान राहिलं नव्हतं त्याला. "अरे ए! डोकं फिरलं का? माफी जाईल!"

"गेली," दादला म्हणाला. "आमच्या घराचं माणूस मी."

"ढवळू, अरे साहेब बसलेत!"

दादल्यानं पेटी डोक्यावर नीट बसवली. रांगेत जाऊन उभा राहिला. आता घराचं माणूस ओझ्याला होतं, मला धरून ठेवायला त्यांच्याकडे कारण राहिलं नाही. कारभारी माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या अत्तरासकट तो माणूस मला इतका घाणेरडा वाटला की मी पदर नाकाला लावला. मग दादल्याच्या जवळ जाऊन म्हटलं, "अरे खुळ्या, आयुष्यभराची माफी होती ती! पुढच्या वर्षी दोघं कापणार होतो ना?" तो पुटपुटला, "जा लवकर. ऊन वाढलंय, दाणा झडेल." मी तिथूनच फिरले. जामसरपर्यंत चालले कुठं, पळतच गेले.

म्हातारी वावरात बसली होती. हातानं चाचपून चाचपून कणसं ओरबाडत होती, बोटं कापलेली. मी तिला घरात नेऊन बसवलं आणि कापायला लागले. कापताना सगळा राग दादल्यावर. काय काय बोलायचं ते मी ओळीनं जुळवून ठेवलं. माफी घालवलीस, शब्द घालवलास, त्या मास्तराची घाण सहन केली, दोन महिने ते रडगाणं सहन केलं, कशासाठी? आल्यावर दारातच ऐकवणार होते.

पौर्णिमा झाल्यावर तो आला. मान एका बाजूला धरलेली, टाळूवर जखम, तिच्यावर माशा. दारात न थांबता खळ्यावर गेला आणि उभा राहिला. मी मागून गेले, तोंड उघडलं.

"एवढं आलं?" त्यानं विचारलं. "एकटीनं?"

"एवढंच आलं. निम्मं. नेहमीसारखं."

त्यानं वाकून मूठभर दाणे उचलले, तळहातावर पसरून बघितले आणि परत राशीत टाकले. "पुष्कळ आहे," तो म्हणाला.

पुष्कळ नव्हतं. त्या वर्षीही उन्हाळ्यात कंदच खाल्ले आम्ही, आणि पुढच्या कापणीला तो पुन्हा वेठीलाच होता. पण तेव्हा खळ्यावर माझ्या तोंडात आलेलं सगळं मी गिळलं, आणि त्याच्या टाळूवरच्या माशा पदरानं हाकलत बसले.